काडेपेटीतलं मीठ

कुताइसीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण
एलगुजाच्या वयाच्या निम्मी.
कागदावर आकडे लिहून दोनदा अधोरेखित करते
आणि त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणते:
मीठ. तेल. आणि ते मेयोनीज.
जणू तिन्ही मीच चमच्यानं भरवते त्याला.

घरी येऊन आधी मेयोनीज बाहेर काढलं.
याच बरणीसाठी एका डिसेंबरात
तीन तास रांगेत उभी होते मी,
पोटात थेआ, हातात जाळीची पिशवी.
शेवटची बरणी माझ्या पुढचीला मिळाली
तेव्हा भर रस्त्यात रडले होते.
आता खरवडून मोरीत सोडलं.
बरणी ठेवली. बरण्या मी टाकत नाही.
धुऊन, पुसून तिच्यात भरला
अंगणात वाळवलेला झेंडू.

बिटाची पानं मंडईत फुकट मिळतात,
बाईला वाटतं मी ससे पाळलेत.
दोन उकळ्या, मग गार पाणी,
मग पिळायची,
सगळा जीव मनगटात आणून पिळायची,
इतकी, की हिरवं पाणी कोपरापर्यंत ओघळावं.
अक्रोड उखळात. घाई नाही.
कुटत राहिलं की तो आपणच तेल सोडतो,
वरून थेंबाची गरज नाही,
हे मला कळायला चाळीस वर्षं लागली.
लसूण, धने, आमच्याकडची निळी मेथी,
चिमूटभर झेंडू, चमचाभर द्राक्षाचा शिरका.
हातावर गोळे वळायचे
आणि प्रत्येकाच्या टाळूवर डाळिंबाचा एक दाणा.

वांगी पूर्वी तेलात पोहायची.
आता भट्टीतून कोरडी निघतात,
रुसलेल्या नणंदेसारखी ओठ मुडपून.
मात्सोनीचं दही रात्रभर फडक्यात टांगलं,
सकाळी घट्ट; त्यात शेपू, ठेचलेला लसूण.
शेजारची झूझूना बोट घालून चाखते:
"ल्यामारा, हा पाहुणचार आहे की पथ्य?"
मी मूग गिळून बसते.
दुसरं बोटही तिनं घातलेलं मी पाहिलंय.

गुरुवारी एलगुजाचा कोट धुवायला घेतला.
आतल्या खिशात काडेपेटी.
सिगारेट सोडून त्याला नऊ वर्षं झाली.
उघडली. मीठ.
जाडं, राखाडी, चांगलं पाव ओंजळ.

भांडावं असं वाटलं.
मग उभ्या उभ्या आठवला तो,
लांब मेजाच्या टोकाशी, शिंग उंचावून,
मेलेल्यांसाठी, न जन्मलेल्यांसाठी,
समोरच्या द्राक्षवेलीसाठीसुद्धा शब्द सापडणारा;
आणि आता माझ्या स्वयंपाकघरात
चोरासारखा खिसा चाचपणारा.

मीठ बशीत ओतलं.
काडेपेटीत भरली वाळलेल्या लसणाची पूड,
थोडी रानपुदिन्याची पानं चुरून.
कोट वाळला, खुंटीला लागला.

रविवारी सोसो आणि त्याची बायको आली,
थेआ तिबिलिसीहून मुलांना घेऊन.
एलगुजानं प्खालीचा गोळा उचलला, चावला,
कपाळाला आठी घातली.
हात मेजाखाली गेला.
मी भाकरी कापत राहिले, फार लक्ष देऊन.
मग दुसरा घास.
मग बराच वेळ काही नाही.
"आता जमलं," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता,
"आज हात मोकळा सोडलास."
आणि उठला, पाण्याचा पेला घेऊन,
पाण्यानं शुभेच्छा देऊ नये असा आमचा रिवाज आहे,
तरी दिली त्यानं,
ज्या बायका घरात लबाडी करतात त्यांच्यासाठी.
सोसो हसला. त्याला वाटलं, विनोद.

सगळे गेल्यावर भांडी घासली.
ताटात डाळिंबाचे दाणे उरले होते तेवढेच.
खिडकीत ती बशी अजून तशीच होती.
दिवा बंद केला,
आतल्या खोलीत त्याचा खोकला ऐकला,
बोट ओलं केलं
आणि अंधारात, उभ्यानंच,
दोन चिमटी मीठ मी चाटून खाल्लं.