ऐंशी हजार मैलांची हमी

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा.
सरोवराकडून असा वारा येतो
की दुकानाचं शटर दातओठ खात राहतं,
आणि अख्ख्या मार्केट गावाला एकाच सकाळी आठवतं
की आपल्या गाड्यांना चाकं आहेत.

आइली हार्यू मात्र आदल्या दिवशीच येते.
निळी छोटी गाडी, पंधरा इंची चाकं,
मागच्या सीटवर घोंगडी, फावडं,
मांजराच्या वाळूची पिशवी.
मांजर नाही तिच्याकडे.
वाळू घसरत्या चाकाखाली टाकायला.

पर्समधून एक सेंट काढून ती स्वतःच वाकते,
गुडघा कट्‌कन वाजतो,
नाणं उलटं धरून टायरच्या खाचेत खुपसते.
"डेल, डोकं दिसतंय रे सगळं. केसांसकट."
म्हणजे संपलं.
"मागचे दोन अजून लाज राखून आहेत," ती म्हणते.
मी म्हणतो, चारही बदल.
"तू हेच म्हणणार. दुकान तुझं."

टॉर्च मारून मी टायरच्या कडेवरचे आकडे वाचतो:
तेवीस, अठरा.
अठरा सालचा तेविसावा आठवडा, तेव्हा साच्यातून निघाला हा.
ती बोटांवर मोजते. जून.
"त्याच आठवड्यात राउनोनं होडी विकली.
मला न सांगता."
मी टॉर्च बंद करतो.

काउंटरवर तीन टायर उभे.
तिन्हींवर छापलंय: सर्व ऋतूंसाठी.
इथे ऋतू दोनच,
एक बर्फ, दुसरा बर्फानं उखडलेले रस्ते बुजवण्याचा.
सत्तावीस वर्षं हेच विकतोय, तरी सांगतो,
सगळ्यांना पुरायला निघालेल्या वस्तूचं कठीण असतं,
एक ना धड, भाराभर खाचा.

हा पहिला. कडक रबर, ऐंशी हजार मैलांची हमी.
दुसरा पाऊस छान कापतो, आवाज करत नाही.
(तिला ऐकू कमी येतं. दुसरा बाद.)
तिसऱ्याची हमी पंचेचाळीस हजारच,
पण मऊ आहे, अंगभर नागमोडी चिरा,
कडेवर डोंगराचं चित्र, डोंगरात हिमकण.

बिलाच्या पाठीवर ती हिशेब मांडते.
मंगळ, गुरू, शनि, मेहुण्याला डायलिसिसला न्यायचं,
रविवारी चर्च, अधूनमधून बाजार.
वर्षाला सहा हजार मैल.
"ऐंशी हजाराला तेरा वर्षं.
मी आत्ता एकाहत्तर.
ही हमी नेमकी कुणाची देतोस, डेल?
रबराची की माझी?"

ह्यावर कंपनीच्या पुस्तकात उत्तर नाही.

मग ती तिसऱ्यावर अंगठा दाबते.
पिकलेला आंबा मी कधी हातात धरलेला नाही,
पण तो असाच चाचपत असतील.
"हा लवकर का झिजतो?"
मऊ आहे म्हणून.
"आणि धरतो का घट्ट?"
मऊ आहे म्हणूनच.
चंदनाबिंदनाची गोष्ट नको इथे,
हे रबर आहे, वास डोक्यात जातो,
तरी दोघंही जरा गप्प उभे राहतो.

"अठ्ठ्याहत्तरपर्यंत पुरेल," ती म्हणते. "घाल.
आणि जुन्यातला एक ठेव बाजूला,
त्यात बटाटे लावीन."

चार वाजता गाडी जॅकवरून उतरते.
पन्नास मैलांनी ये, मी सांगतो,
नट पुन्हा आवळून देतो.
"गुरुवार, शनिवार. रविवारी तू बंद. सोमवारी येते."

नव्या टायरांना रबराचे बारीक केस असतात,
बाळाच्या जावळासारखे,
पहिल्या काही मैलांतच जातात.
ती वळण घेऊन रस्त्याला लागते तेव्हा
भुरभुर सुरू झालेली असते,
आणि दाराशी ओल्या पांढऱ्यावर
चार नाही, दोनच रेषा दिसतात,
मागची चाकं पुढच्यांच्या खुणेवरून गेलेली,
चिरा न्‌ चिरा मोजता येईल अशा.

मग पुढची गाडी आत येते. ट्रक. बावीस इंची.