मधली खाच

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
खाली पावडर कोटिंग, वर माझं टेबल.
पलीकडच्या शेडमध्ये अठरा वर्षं रिलेच्या कॉइल गुंडाळल्या,
केसाहून बारीक तार, हजारांनी वेढे.
कंपनी गेली, बोटं उरली.
आता मिक्सर येतात, पंपाचे स्टार्टर,
आणि महिन्यातून एखादी गिटार.

ही आणली चेंदणीच्या पार्थेश नाखवानं,
चादरीत गुंडाळून, आजारी मांजर आणावं तशी.
"हरेश्वरकाकाची. हळदीला वाजवायचा.
नॉब या टोकाला नेला तर ठीक, त्या टोकाला ठीक,
मधे आणला की आवाज रोडावतो."

रोडावतो. पोरानं शब्द बरोबर निवडला.
मानेकडचं पिकअप जाड, पेजेसारखं.
ब्रिजकडचं धारदार, पत्र्यावर नाणं पडावं तसं.
आणि मधल्या खाचेत, जिथे दोन्ही पूर्ण उघडी हवीत,
तिथे पोट खपाटीला गेलेला, नाकातला,
रिकाम्या टाकीत तोंड घालून कुणी बोलावं तसा.

पॉट फिरवून पाहिला. कुरकुर नाही.
तारा ओढून पाहिल्या.
मग काट्याचा जुना मीटर काढला,
आकडेवाला या कामाचा नाही.
मानेकडच्या पिकअपला जोडला,
वर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, झटकन उचलला.
काटा उजवीकडे.
ब्रिजकडचं. टेकवला, उचलला.
शून्याच्या खाली, डावीकडे.

म्हणजे एक ढकलत होतं तेव्हा दुसरं खेचत होतं.
दोष कुणातच नाही. एकेकटी दोघं शहाणी.
एकाच्या दोन तारांची अदलाबदल, बस.

कुठल्या गाढवानं जोडलं, म्हणणार होते,
तेवढ्यात चष्मा वर सरकवला.
टाका ओळखीचा होता.
तारेचे अडीच वेढे, शेपूट डावीकडे दुमडलेलं,
गोडबोले बाईंनी हातावर पट्टी मारून शिकवलेलं.
पॉटच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख. अक्षर माझं.
नऊ वर्षं झाली.
काही आठवेना. त्या आठवड्यात दहा स्टार्टर आले असतील,
किंवा डोकं दुखत असेल.
कारण शोधू नये, सापडतंच.

"चूक माझी. पैसे नकोत," पार्थेशला सांगितलं.
पिकअपच्या झाकणाची अर्थ आधी वेगळी काढली,
मग दोन तारा सोडवून उलट टाकल्या.
नॉब खाचेत.
आवाज असा भरून आला
की खालचा पावडरनं निळा झालेला पोरगा जिन्यात येऊन उभा.

पार्थेश मात्र वाजवता वाजवता थांबला.
"काका याच खाचेत वाजवायचा. कायम.
ढोल, बेंजो, कॅसिओ, सगळ्यांच्या मधून
त्याचा तेवढाच पातळ आवाज आमच्या गच्चीवर यायचा.
आई म्हणायची, आला हरेश्वर."

गन अजून गरम होती.
"परत उलटं करू?"
तो नॉब फिरवत राहिला, या टोकाहून त्या टोकाला,
खाचेवर दर वेळी टक्.

"करा."

केलं. अडीच वेढे, शेपूट डावीकडे.
जुन्या तारखेखाली नवी घातली,
आणि पुढे, उद्या कुणी उघडलं तर मला शिव्या नकोत म्हणून:
मुद्दाम.