तुरीचा भाव

चैत्र संपत आला की हेमलता
माळ्यावरची पिंपं खाली काढायला लावते.
मग मला कळतं, या रविवारी हाथीखाना.

हत्ती तिथं नाहीत. पोती आहेत,
आणि पोत्यांच्या मधोमध जयंतीभाई,
जे तिला लांबून येताना बघूनच
भाव दोन रुपयांनी चढवून ठेवतात,
तिला उतरवता यावा म्हणून.

भालिया गहू ती तळहातावर घेते,
फुंकर मारते, एक दाणा दाताखाली धरते.
कट् वाजला तर ठीक.
मी पिशव्या घेऊन उभा.
छत्तीस वर्षं हाच माझा हुद्दा.

"बेन, आनाथी ओछुं नहीं थाय."
"मग राहू दे," ती चक्क मराठीत म्हणते
आणि चालू लागते.
अकरा पावलं. मी मोजलीत.
बाराव्याला हाक येते.

घरी आम्ही दोघं.
त्यातला एक मधुमेही.
साखर पंधरा किलो.
का, तर स्वस्त होती.
पलंगाखाली चारावर एक फुकटवाले साबण,
त्यांचा वास आता आमच्या झोपेलाही येतो.
चहाच्या पुड्यांबरोबर आलेले स्टीलचे चमचे एक्केचाळीस;
सोसायटीत कुणाकडे श्रीखंड असलं
की आमची बेल वाजते.

एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची.
पहिल्या पानावर श्री नाही, थेट तुरीचा भाव.
तूर एकोणतीस. खाली बारीक अक्षरात: मैत्रेयी दहावी.
तूर नव्वद. खाली: स्कूटर विकली.
तूर एकशे ऐंशी. खाली काहीच नाही,
पेनचं टोक रुतून पडलेलं भोक फक्त.

मग एक पान कोरं.

त्या वर्षी ती फाल्गुनापासून दवाखान्यात होती.
मी नाक्यावरच्या काचेच्या दुकानातून
अर्धा अर्धा किलो आणायचो,
छापील किमतीला, वर पिशवीचेही पैसे देऊन.
घासाघीस केली नाही.
त्या दिवसांत मला काहीच महाग वाटत नव्हतं.
डाळ शिजवायचो आणि कधी कधी खायला विसरायचो.

ज्येष्ठात घरी आली ती अडतीस किलोची,
गव्हाच्या पोत्याहून बारा किलो कमी.
तीन दिवस नुसती पडून.
चौथ्या दिवशी म्हणाली, बिलं कुठायत?
उशीला टेकून एकेक वाचलं.
शेंगतेलापाशी बोट थांबलं.
"एकोणीस रुपये जास्त लावलेत त्यानं.
आणि तुम्ही दिलेत?"
मग खोकला येईपर्यंत बोलली,
पाणी पिऊन परत तिथूनच पुढे,
माझ्या आईपर्यंत पोचली,
माझ्या नोकरीतल्या हुकलेल्या बढतीपर्यंत.
डॉक्टरांनी 'बरी आहे' म्हणायला
अजून दोन महिने होते.
मी उभा राहून ऐकत होतो
आणि आणखी बिलं कुठं ठेवलीत
ते आठवत होतो.

आज गच्चीवर चादर पसरलीय.
पन्नास किलो गहू, बाजूला दिवेलाची बाटली.
ती धार सोडते, आम्ही दोघं चोळतो,
दाणे हळूहळू चकाकायला लागतात.
"हे संपायला दोन वर्षं लागतील," मी म्हणतो.
"मग लागू देत की."
तिचा चष्मा घामानं नाकावर घसरलाय,
दोन्ही हात तेलाचे.
मान पुढं करते.
माझेही हात तेलाचेच;
मनगटानं मी तो जरासा वर ढकलतो.
"उद्या वहीत लिहा," ती म्हणते,
"जयंतीभाईनं यंदा दीड रुपयाच उतरवला."