त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ

पुण्यात आवड ही तोंडी परीक्षा असते.
दर रविवारी, सिंहगड रोडच्या जपानी बागेत,
आम्ही पाच जण ती एकमेकांची घ्यायचो.
हिनागिकु: पाच मुली, एकच नाच, सतरा गाणी.
तू कधीपासून ऐकतेस त्यांना?
चौथी मुलगी सोडून गेली त्याच्या आधी, की नंतर?

केळशीकर म्हणायचा, नव्या अल्बमात आत्मा नाही.
त्याच्या पासपोर्टवर अजून एकही शिक्का नव्हता,
एन-फोरला दोनदा नापास,
पण आत्मा कुठे आहे आणि कुठे नाही
हे त्याला घरातूनच कळत आलेलं.
त्याचे वडील, मैफलीत चुकीच्या जागी दाद देणाऱ्याकडे
मान न वळवता बघू शकत.
ऋजुताचं म्हणणं, जपानी लोकांनाच कळत नाही
त्यांच्याकडे काय आहे ते.
आम्ही माना डोलावल्या. तळ्यातले मासेही
तोंड उघडून आमच्याच बाजूने होते.

मी चाकणला दुभाषी.
गिअरचे दात, तक्रारी, माफ्या
इकडून तिकडे नेते. अकरा वर्षं.
होरिउचि-सान नागोयाचे, गाडीत गप्प बसणारे.
एकदा धीर करून मी हिनागिकु लावलं.
ऑडिटमध्ये ऐकतात तसं त्यांनी ऐकलं.
मग म्हणाले, माझ्या मुलीला आवडायचं हे. सहावीत.
आणि 'सहावीत'च्या शेपटीला एक छोटासा 'ने' लावला,
आपल्या 'ना'सारखा,
मान्य कर म्हणणारा.
मी मान्य केलं. सवय असते.
आवाज कमी केला, बंद नाही.

मोशीला वरात आडवी आली.
टेम्पोवर चार कर्णे, हिरवे दिवे,
आणि पुढे मांडी घालून एक माणूस
बेंजोच्या बटणांवर बोटं आपटत बसलेला.
मी काच वर घेतली.
आमच्या घरी याला संगीत म्हणत नाहीत,
गणपतीत खिडक्या लावून घ्यायचं कारण म्हणतात.
त्यांनी त्यांच्या बाजूची काच खाली केली.
काय म्हणतात या वाद्याला?

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी अडकले.
त्यांच्या भाषेत बेंजो म्हणजे संडास,
तोही जुन्या वळणाचा, रेल्वे स्टेशनातला.
तारांचं काहीतरी, म्हटलं.

ते उतरले. सेफ्टी शूजसकट वरातीत शिरले.
वाकून बटणं पाहिली, टाइपरायटरसारखी,
त्यांवरचे आकडे, घासून पुसट झालेले,
आणि म्हणाले, ताइशोगोतो.
मग बरंच बोलले. ताशाखाली मला निम्मंच आलं:
त्यांच्या गावात जन्मलेलं वाद्य, मावशी, गुरुवार,
एका हॉलमध्ये चौदा बायका एका सुरात,
आणि खालच्या मजल्यावर, कानाला हेडफोन,
अमेरिकन गिटार ऐकत लाजेने लाल झालेला मुलगा.

मी वाजवणाऱ्याला सांगितलं,
साहेब म्हणतात हे त्यांच्याकडचं आहे.
खंडू सकट हसला, बोटं न थांबवता.
'न्हाई ओ ताई, आपलंच हाय. आज्याच्या हातचं.'
मी शब्दाला शब्द लावून तेही पोचवलं.
होरिउचि-सान बटणांकडे बघत राहिले.
'सो देसु ने,' म्हणाले.
हो ना.

ताशेवाले पाणी प्यायला थांबले
तेव्हा खंडूने एकट्याने थोडं वाजवलं, साहेबासाठी, हळू.
ते मी फोनवर घेतलं.

रविवारी बागेत फोन मधे ठेवला.
नागोयाचं वाद्य आहे, ऐका. एवढंच सांगितलं.
केळशीकरने डोळे मिटले.
ऋजुता कुजबुजली, बघ ना,
दोन सुरांमध्ये किती जागा सोडतात ते.
हा संयम आपल्याकडे यायचाच नाही.
एक मिनिट चाळीस सेकंदांपर्यंत
आत्मा होता.
मग फोनमधून कुणीतरी शिट्टी मारली
आणि ओरडलं,
ए, टेम्पो पुढं घे रे!