तिसरी शिट्टी

रात्री बाराला अल्बम आला.
आला म्हणजे, एक चौकोनी चित्र
राखाडीचं रंगीत झालं, खाली आकडा: शून्य.
मग एक. तो मीच.
मग दोन. रूथ, खडकीहून.
मग बराच वेळ दोनच.

नऊ गाणी, अडीच वर्षं.
बेस माझा. बेस असतो तेव्हा कुणाला कळत नाही,
नसला की गाण्याच्या पोटात खड्डा पडतो, एवढंच.
संबळ दिगंबर रेणकेचा.
घरी तो उभ्यानं वाजवतो, देवीपुढे, कमरेला बांधून.
आमच्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसला
तेव्हा हसत सुटला:
"पण पायांचं काय करू?"

स्टुडिओ म्हणजे धायरीतल्या माझ्या फ्लॅटची मागची खोली.
भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या, खिडकीला दोन सतरंज्या,
दारावर तापकीर गल्लीतला लाल दिवा,
लागायचा तेव्हा लागायचा नाही.
समोरच्या दारात अष्टपुत्रे काकू.
सोसायटीच्या वहीत त्यांच्या अकरा तक्रारी,
निळी शाई, ऱ्हस्व-दीर्घ चोख.
एके ठिकाणी 'वादन' लिहून खोडलेलं,
वर 'ठोकाठोक'.

चौथं गाणं रूथच्या वडिलांचं.
दारूगोळा कारखान्यात गेलेल्या कानांचं.
आता ते गाणं टेबलावर तळहात ठेवून ऐकतात.
सोळा वेळा गायली. सोळाही वेळा बरं झालं,
आणि बरं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं.
सतराव्याला तिचा आवाज मध्येच
जिना उतरल्यासारखा खाली गेला, दिवा न लावता,
आणि एक मिनिट बावन्नाव्या सेकंदाला
काकूंचा कुकर.

दिगंबरची वाकडी काठी हवेत थबकली
आणि बरोब्बर समेवर पडली.
रूथचे डोळे मिटलेले. दुसरी शिट्टी.
माझा बेस मागाहून भरायचा होता, मोकळा मीच,
धावलो अनवाणी, बेल दाबली,
"काकू, गॅस बंद करा, दोन मिनिटं, पाया पडतो."
त्यांनी आधी माझे पाय पाहिले.
मग गॅस बंद केला.

निरामय म्हणाला, शिट्टी काढता येते.
काढली.
तिच्याबरोबर रूथचा श्वासही गेला.
परत घातली.

प्रकाशन टिळक रोडमागच्या एका तळघरात.
सेहेचाळीस खुर्च्या, एकतीस माणसं, त्यात नातलग बारा.
शंभर कॅसेट काढल्या होत्या, हौस म्हणून.
"कॅसेट लावायची कशावर?" हे विचारून
लोक स्टिकर घेऊन गेले.
खपल्या नऊ.
त्यातली एक काकूंनी घेतली, अडीचशेला,
पाचशेची नोट दिली, सुटे मोजून घेतले,
आणि मध्यंतराआधीच शेवटची बस म्हणून गेल्या.

तिसऱ्या दिवशी बेल. लाल दिवा चालू असताना.
"चौथं ऐकलं. दोनच शिट्ट्या आहेत."
"हो काकू."
"आमच्याकडे भाताला तीन लागतात."
"हो."
"त्या दिवशी ह्यांनी कच्चा भात खाल्ला.
आणि वर म्हणाले, मोकळा झालाय छान."
बोलता बोलता माझ्या खांद्यावरून
आतल्या गाद्या बघत होत्या.
"पुढच्या वेळी तिसरी होऊ द्या. मग या."
दार लागलं. पाठोपाठ आतून कडी.

आज आकडा दोनशे चौदा.
नाशिकहून कुणी लिहिलंय, कुकरचा प्रयोग धाडसी आहे.
निरामयनं त्याला हात जोडलेत.
दिगंबर जेजुरीकडे एका गोंधळाला गेलाय, उभ्यानं वाजवायला.

आणि वहीत बारावी तक्रार:
'खालचा घुमणारा आवाज भिंतीतून,
जिन्याच्या कठड्यातून, हाताला जाणवतो.'
मी फोटो काढून रूथला पाठवला.
तिनं वडिलांना दाखवला.
चष्मा शोधून, म्हणे,
दोनदा वाचला त्यांनी.