स्पीकर ठेवा, बिल्ला घ्या

नेत्रावळीच्या फाटकावर माझी खुर्ची,
खुर्चीशेजारी सोसायटीतून आणलेलं जुनं लोखंडी कपाट,
कपाटात बावीस खण.
माणशी तिकीट वीस रुपये, गाडीचे वेगळे,
आणि स्पीकर इथे ठेवायचा, बिल्ला घ्यायचा,
येताना बिल्ला द्यायचा, स्पीकर घ्यायचा.
देवळाबाहेर चपला ठेवता ना, तसं.

लोक भांडतात.
"काका, जंगल काय तुमच्या बापाचं?"
नाही बाबा.
बाप माझा याच रानात कुमेरी करायचा, नाचणी पेरायचा,
त्याचंसुद्धा नव्हतं.
कुणी बायकोला आपणच समजावतं, पक्ष्यांसाठी असेल गं.
मी मान हलवतो.
शेकरूला मी कधी विचारलेलं नाही.

आता मला आवाजाचं वावडं आहे असं समजू नका.
शिगम्यात घुमट माझ्या गळ्यात असतं,
तळव्याला भेगा पडेपर्यंत वाजवतो.
गेल्या वर्षी खुशाली वेळीप म्हणाला,
जरा दम घे झिलू, चामडं फाटेल.
पण ते मांडावर.
नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून, पाच रात्री.
सहाव्या दिवशी घुमट आढ्याला.
आवाजालाही बसायला जागा लागते,
आणि उठायची वेळ.

कपाटात गंमत असते.
दुपारी दोनला सातव्या खणात निळा दिवा लुकलुकतो,
आतून एक बाई इंग्रजीत बोलते,
कुणाशी तरी जोडून द्या म्हणते.
मालक तिकडे पाण्यात.
मी कपाटावर थाप मारतो,
गप्प बस गो.

खरं कारण मी फाटकावर सांगत नाही.
वीस रुपयांत तेवढं बसत नाही.

तेव्हा कपाट नव्हतं.
वर घाटात पाऊस, खाली लख्ख ऊन.
कुडचड्याची सहा पोरं
आणि बादलीएवढा एक स्पीकर, खडकावर ठेवलेला.

व्हाळाला लोंढा येतो तेव्हा आधी दगड बोलतात.
पाणी नंतर. आधी तळातले दगड,
लांब कुणी जात्यावर भरडतंय तसे.
आमच्या वाड्यावरच्या पोरांना हे शाळेआधी कळतं.
त्या दिवशी मी शंभर पावलांवर भजी खात होतो
आणि मलाही कळलं नाही.
गाणंच चांगलं होतं हो.
पाय हलत होता माझा.

पाच पोरं वर आली.
सहावा हाका मारत होता म्हणतात.
म्हणतात. ऐकल्या कुणीच नाहीत.
स्पीकर खडकावर तसाच, कोरडा,
पुढच्या गाण्याला लागलेला.

आधीचं ते गाणं मला अजून पाठ आहे.
सांग्याला कुणाच्या लग्नात लागलं
की मी हात धुवायला म्हणून उठतो.

आज एक मुलगी आली, म्हापशाची.
म्हणाली, हळू लावते ना, फक्त मला ऐकू येईल एवढं.
मी म्हटलं, बिल्ला चौदा.
पाय आपटत गेली.
अर्ध्या तासात परत, केस कोरडे, कपाळाला आठ्या.
शांतता हवी म्हणून आमचे स्पीकर ठेवून घेता
आणि वर ते काय चाललंय तुमचं?
रस्त्याचं काम?
कोण दगड भरडतंय?

खुर्ची कधी पडली मला माहीत नाही.
चौदावा खण उघडायचा राहिला.
शिट्टी तोंडात होती आणि मी उतारावर,
चपला कुठेतरी मागे,
आणि त्या रानात
सगळ्यांत मोठा आवाज
माझा होता.