कासव तिरकं चालतं

रात्री दीड वाजता सिन्योरा आद्दोलोराता
एकदाची घोरू लागते,
आणि मी स्वयंपाकघरातला दिवा न लावता
जागा शोधायला निघते.

या बारी शहरात काम मिळतं, म्हाताऱ्या मिळतात,
रविवारी व्हॅनमध्ये खोकी चढवताना
आमच्या गावच्या बायका मिळतात.
पटासमोर बसणारं माणूस मिळत नाही.

पहिल्या जागी मिनिटभराचे डाव.
तिथे विचार करायचा नसतो, फक्त पोचायचं असतं.
ब्लीचनं सुजलेली माझी बोटं
हत्ती उचलतायत तोवर वेळ संपलेली.

दुसऱ्या जागी एकाला हरवलं.
त्यानं माझ्या आईचा उद्धार केला.
इटालियन शिकायला मला दोन वर्षं लागली;
शिव्या कुठल्याही भाषेतल्या
लगेच कळतात.

तिसरीकडे रोज तीन कोडी फुकट,
चौथ्याला कार्ड मागतात.
मी पगार मोजला: घरी किती,
मुलाच्या दातांना किती.
चौथं कोडं तसंच सोडून आडवी झाले,
तर छतावर प्यादी सरकत राहिली
पार उजाडेपर्यंत.

पुढच्या जागी माणूसच नव्हता,
यंत्र होतं, ‘नवशिका’ नावाचं.
अठराव्या खेळीला त्यानं आपला वजीर
उगाच माझ्या पुढ्यात आणून ठेवला.
दया मला ओळखू येते.
दिवसभर मी तीच करते, पगारावर.
जिंकत असलेला डाव सोडून उठले.

व्हार्लाम मास्तरांनी असं कधी केलं नसतं.
चियातुराला, खाणकामगारांच्या क्लबात,
वरच्या मजल्यावर एकच शेगडी आणि नऊ पट.
रोपवेची शेवटची पेटी दहाला सुटायची.
डाव अर्धा असेल तर ज्याची पाळी त्यानं
खेळी कागदावर लिहायची, लिफाफा चिकटवायचा,
मास्तर तो कपाटात ठेवायचे,
आणि आम्ही दोघं, आत्ताचे वैरी,
एकाच पेटीत, दरीवर लोंबकळत घरी,
ओठ घट्ट मिटून.
क्लबाला कुलूप लागलं, पेट्या थांबल्या, मास्तर गेले.
एक लिफाफा उघडायचा राहिला.
माझा.

मग ही जागा सापडली:
एका खेळीला तीन दिवस.
नाव विचारलं. ‘त्सियाला’ कुणीतरी आधीच घेतलेलं.
मी लिहिलं: कासव.

समोरचा (की समोरची, ठाऊक नाही)
पहाटे खेळतो, झेंडा लावलेला नाही.
सातव्या खेळीबरोबर एक ओळ आली:
कासव का?
लिहिलं, पटावर जो तिरका धावतो
त्याला आमच्या भाषेत कासव म्हणतात.
एका दमात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारं कासव.
कुणाला सुचलं, देव जाणे.
दोन दिवस काही नाही. मला वाटलं, गेला हाही.
तिसऱ्या दिवशी:
आमच्याकडे तो उंट.
आणि त्या उंटानं माझं प्यादं खाल्लेलं.

आता रोज एक खेळी. कधी तीही नाही,
पण पट डोक्यात मांडलेला असतो
शेंगा सोलताना, जिने पुसताना.
हात आपला आपण काम करतो.

परवा सिन्योरा मध्येच जागी झाली,
अंधारात माझा उजळलेला चेहरा पाहून म्हणाली,
नवरा शोधतेस का गं?
म्हटलं, नाही, उंट आहे एक.
तिनं छातीवर क्रूस काढला
आणि पाणी मागितलं.

पाचला तिला कुशीवर वळवायचं असतं.
आधी गुडघा, मग खांदा,
मग चादर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याकडे ओढायची.
त्या तिरक्या ओढीत मला आज दिसली
सी-एकपासून एच-सहापर्यंत मोकळी वाट,
मध्ये कुणीही नाही.

लगेच खेळले नाही.
खेळी कागदावर लिहिली, घडी घातली,
रक्तदाबाच्या गोळ्यांखाली ठेवली.
तीन दिवस आहेत.